खुनी आधी देवाला सांगायचा

रहस्यनाटकाचा मुख्य नियम एकच. खुनी कोण, हे शेवटचा पडदा पडायच्या बेतात येईपर्यंत कुणाला कळता कामा नये. आमच्या गावाचाही नियम एकच. कुठलंही काम देवाला सांगितल्याशिवाय सुरू करायचं नाही, आणि सांगायचं तर काही हातचं राखून सांगायचं नाही. हे दोन नियम एकाच मंचावर समोरासमोर आले तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि त्या नाटकातला खुनी मीच होतो.

त्यानंतरची बेचाळीस वर्षं मी एका गोष्टीची वाट बघत काढली. त्या नाटकाच्या शेवटी एकदा तरी समोरच्या माणसाने दचकावं. टाळ्या नकोत, शिट्ट्या नकोत, बक्षीस तर नकोच. एक माणूस खराखुरा दचकला तरी पुरे, असं मी बायकोला शंभरदा सांगितलं असेल. ती म्हणायची, एवढंच असेल तर मी रोज दचकते, तुम्ही बाजारातून आणलेली मासळी बघून.

आमचं गाव तोंडवलीपासून थोडं आत. वरची वाडी भातशेती आणि काजूवर जगणारी, खालची वाडी खाडीच्या तोंडाशी होड्या ओढणारी, आणि मधे देऊळ. माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान तिठ्यावर आहे. तेव्हा ते सायकलचं होतं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळासमोर गावातल्या तरुणांनी नाटक करायचं ही आमच्याकडची जुनी रीत. जत्रेला दशावतारी यायचे, दुसऱ्या दिवशी आम्ही. दशावतारात राक्षस कोण ते विचारावं लागत नाही, तो स्वतःच आरडाओरडा करत येतो. आम्हाला त्याचा कंटाळा आला होता. लोकांना तीन तास कोड्यात ठेवणारं काहीतरी करू, असं मीच सुचवलं, आणि मालवणच्या एका वाचनालयातून मुंबईत गाजलेलं एक जुनं रहस्यनाटक घेऊन आलो. पुस्तकाची शेवटची चार पानं कुणीतरी दोऱ्याने शिवून ठेवली होती, आधीच वाचू नयेत म्हणून. ते बघूनच मी त्या नाटकाच्या प्रेमात पडलो.

गोष्ट साधी होती. डोंगरावरच्या बंगल्यात एक श्रीमंत रावसाहेब. घरात त्याची दुसरी बायको, स्वयंपाकी, नेहमी येणारा वकील, आणि आठ वर्षांपूर्वी डोळे गेलेला पुतण्या. पहिल्या अंकाच्या शेवटी रावसाहेबाच्या पाठीत सुरी. दुसरा अंकभर इन्स्पेक्टर एकेकाची उलटतपासणी घेतो आणि प्रेक्षकाचा संशय बायकोवरून वकिलावर, वकिलावरून स्वयंपाक्यावर उड्या मारत राहतो. तिसऱ्या अंकात इन्स्पेक्टर बोलता बोलता, काही न सांगता, किल्ल्यांचा जुडगा पुतण्याकडे फेकतो. पुतण्या तो हवेतल्या हवेत झेलतो. झेलल्यावर मनात पाच आकडे मोजायचे, मग काळा चष्मा काढायचा आणि समोर बघायचं, असं मी ठरवलं होतं. त्या पाच आकड्यांतच लोकांनी दचकायचं होतं. मी महिनाभर आरशासमोर डोळे वर लावून बसायचा सराव केला. समोरच्या माणसाकडे बघायचं नाही, हे फार अवघड असतं.

गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागायचा, मान एकाच घराचा. त्या वेळी तो आबांकडे होता. अख्खं गाव त्यांना आबाच म्हणायचं. सत्तेचाळीसेक वर्षांचा, काजूची कलमं करणारा माणूस, आवाज असा की मधल्या मळ्यातून हाक मारली तर खालच्या वाडीतले कुत्रे उठायचे. जत्रेच्या आठ दिवस आधी ते तालमीला आले आणि बाकावर बसून एकेकाला विचारू लागले.

"तुझा काम काय रे?"

"मी पुतण्या, आबा. आंधळो."

"खरोच आंधळो?"

"नाय, सोंग करतंय. खून मीच केलेलो आसा." हे सांगताना माझी छाती अभिमानाने फुगली होती.

आबा गंभीर झाले. "असला सोंग घेतला तर डोळ्यांवर येता. देवाक सांगूक व्हया."

मला वाटलं, सांगतील बापडे, सकाळी कधीतरी जाऊन. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच. गाऱ्हाणं आमच्याकडे कधी घालतात, कसं घालतात, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. पण नाटकाच्या नादात माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, सगळं गाव पाटांवर आणि गोणपाटांवर बसलेलं असताना आबा नारळ घेऊन पडद्यासमोर उभे राहिले. मी पडद्यामागे चष्मा पुसत होतो.

"बा देवा म्हाराजा, आज तुझ्या पायाकडे तुझी लेकरां एक नाटक करतत."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

"तेतूर एक खून जातलो. तो खोटो. रगत दिसात तो रंग आसा."

"व्हय म्हाराजा."

"ह्यो जो पुतण्या काठी टेकीत येतलो, तो आंधळो नाय. सोंग करता. शेवटाक तेनाच खून केल्यान म्हणान कळतला. तर म्हाराजा, तेच्या डोळ्यांक आणि हातांक तेचो दोष लावू नको."

"व्हय म्हाराजा," तीनशे माणसं एका सुरात म्हणाली आणि नारळ फुटला.

रावसाहेबाचं काम करणारा माझा मित्र पडद्यामागे खुर्चीवर बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "चल, मुसळ केरात." पुढचे तीन तास काय झालं ते सांगायलाच हवं. मी काठी टेकत आत आलो की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या रावसाहेबाला सांगायच्या, "बाबा रे, पाठ करू नको तेच्याकडे." इन्स्पेक्टर वकिलाला दरडावू लागला की कुणीतरी म्हणायचं, "तेका सोड, गरीब आसा तो." किल्ल्यांचा जुडगा हवेत उडाला तेव्हा चार-पाच जण एकदम म्हणाले, "झेल रे." मी झेलला. पाच आकडे मोजले. त्या पाच आकड्यांत लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या, कारण झेल चांगला होता.

दुसऱ्या दिवशी आबा दुकानात आले. "काल तुझा काम बरां झाला. डोळे बरे आसत मां?"

"डोळे बरे आसत, आबा. नाटकाचा वाटोळा झाला."

"कशाक? लोक किती हसले."

"तां हसूचा नाटक नाय."

आबांनी थोडा विचार केला. "मगे आधी सांगूचा होता. तेचापण गाऱ्हाणा घातला असता."

मी पंक्चर काढत राहिलो. पण चीड अशी आली होती की ट्यूब दोन ठिकाणी जास्तीची फाटली.

गंमत अशी की नाटक लोकांना फार आवडलं. पुढच्या वर्षी काय करायचं असं विचारलं तर दोन्ही वाड्या म्हणाल्या, तेच करा, आंधळ्याचं. मी म्हटलं ठीक आहे, पण या खेपेला मी शहाणपणा केला. आबा तालमीला आले तेव्हा मी त्यांना सांगितलं की शेवट बदललाय, आता खुनी स्वयंपाकी आहे आणि पुतण्या खरोखरचा आंधळा आहे. सगळ्या मंडळींना मी आधीच पढवून ठेवलं होतं. आबांनी विश्वास ठेवला. गाऱ्हाण्यात त्यांनी स्वयंपाक्याच्या हातांसाठी मागणं मागितलं, आणि मी पडद्यामागे मनातल्या मनात उड्या मारल्या. आता बघू कसे दचकत नाहीत ते.

तिसऱ्या अंकात जुडगा उडाला. मी झेलला. एक, दोन, तीन. सगळीकडे शांतता. मी चष्मा काढला. तेव्हा समोरून एक म्हातारी काळजीच्या सुरात म्हणाली, "अरे तू नाय. तो जेवाण करणारो."

"ह्यो आपला काम इसारलो," दुसरी म्हणाली.

"गाऱ्हाण्यात तेचा नाव इला, ह्येचा नाय," मागून कुणीतरी दुजोरा दिला.

मी कबुलीजबाब सुरू केला तर लोक मला समजावू लागले. स्वयंपाक्याचं काम करणारा घाबरून विंगेत गेला, त्याला खालच्या वाडीतल्या दोघांनी धरून परत आणलं. देवासमोर जे सांगितलं ते खरं, आणि पुस्तकात जे छापलं ते आमच्या चुकीने झालेलं, याबद्दल गावात कुणालाच शंका नव्हती. शेवटी इन्स्पेक्टरने वैतागून आम्हा दोघांनाही अटक केली आणि पडदा पाडला.

पाचव्या दिवशी मला डोळे आले. अर्ध्या तालुक्याला आले होते, साथच होती. पण हे कुणाला सांगणार. लालभडक डोळ्यांनी मी दुकानात बसलो की येणारा-जाणारा मान हलवून पुढे जायचा. आबा मात्र आले नाहीत. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी मीच नारळ घेऊन त्यांच्या घरी गेलो. ते कलमांना पाणी घालत होते.

"माका फसवलंस तां चलात," ते खाली बघूनच म्हणाले. "पण माझ्या तोंडान तेका फसवलंस."

मला खरोखरच लाज वाटली. ते चिडले असते तर मी वाद घातला असता. त्यांनी नारळ घेतला, देवापुढे ठेवला, आणि माझ्या डोळ्यांसाठी पुन्हा एकदा, अगदी थोडक्यात, गाऱ्हाणं घातलं. "व्हय म्हाराजा" म्हणायला आम्ही दोघंच होतो, म्हणून त्यांच्या बायकोला न्हाणीघरातून बोलावून घेतलं. गाऱ्हाण्याला व्हय म्हणणारी माणसं हवीत, नाहीतर ते पोचत नाही, असं ते म्हणाले. त्यानंतर मी त्यांच्याशी कधी खोटं बोललो नाही.

नाटक मात्र माझ्या हातून सुटलं ते सुटलंच. त्या वर्षीच्या शिमग्यात खालच्या वाडीने त्याचं सोंग काढलं. काळा चष्मा लावलेला आंधळा, हातात काठीऐवजी वल्हं, आणि बरोबर मासळीची टोपली घेतलेली बाई. आंधळा दारोदार चाचपडत यायचा, टोपलीत हात घालायचा आणि बरोब्बर सगळ्यात मोठी सुरमई उचलायचा. मग बाई ओरडायची, "ह्येका दिसता गो," आणि अख्खी वाडी म्हणायची, "व्हय म्हाराजा." माझ्या दारात आले तेव्हा मी तोंड पाडून बसलो होतो. माझी नवी नवी बायको हसून हसून उंबऱ्यावर बसली. तिने तोपर्यंत नाटक बघितलंच नव्हतं. तिला मूळ नाटक आधी बघायला मिळावं आणि निदान ती तरी दचकावी, असा माझा बेत होता. तोही सोंगवाल्यांनी वल्ह्याने ढकलून दिला.

पुढे तर लोकांना सवयच लागली. मला येता-जाता काहीही फेकायचं. न सांगता. लिंबू, सोललेला नारळ, स्पार्क प्लग, एकदा तर जिवंत खेकडा. मी झेलला की फेकणारा "दिसता, दिसता" म्हणत पुढे जायचा. सुरुवातीला मी खवळायचो. मग हात आपोआप वर जायला लागले. खेकड्याच्या वेळचा ओरखडा अजून अंगठ्यावर आहे, पण तोही मी सोडला नव्हता, संध्याकाळी रस्सा केला.

मधली वर्षं मुलं मोठी करण्यात गेली. नाटक दर तीन-चार वर्षांनी कुठल्या ना कुठल्या रूपात यायचं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी ते अर्ध्या तासाचं केलं आणि रावसाहेबाला भुताच्या रूपात परत आणलं. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी करायला घेतलं. ते माझ्या बायकोचं कारस्थान होतं. ती स्वयंपाक करता करता मला म्हणाली, "आठ वर्षां तो आंधळो घरात रवता, आणि घरातल्या एका बायकेक कळना नाय? ह्यां नाटक पुरुषान लिवलेला दिसता."

तिच्या नाटकात घरातल्या बायकांना पहिल्या प्रवेशातच कळतं की पुतण्याला दिसतं. पण त्या कुणाला सांगत नाहीत. त्याला आंधळा म्हणून एका कोपऱ्यात बसवतात आणि तांदूळ निवडायला देतात. एखादा खडा राहिला की दुप्पट तांदूळ देतात. सुईत दोरा ओवून घेतात. तो बिचारा सोंग मोडू शकत नाही आणि कामही टाकू शकत नाही. शेवटी खून करायला त्याला वेळच मिळत नाही, रावसाहेब म्हातारपणाने मरतो. मी दाराआडून बघत होतो. मनातल्या मनात मान्य केलं की हे मूळ नाटकापेक्षा चांगलं आहे. तोंडाने मात्र मी घरी आल्यावर सांगितलं की रहस्याची पार वाट लावलीत.

आणि आता तर काय, मोबाईल आले. गावातली पोरं तीन अंकांचं नाटक एका मिनिटाच्या रीलमध्ये बसवतात आणि टाकून देतात. एकीत कुत्रा पुतण्या झालाय आणि त्याच्याकडे किल्ल्यांऐवजी तळलेला बांगडा फेकतात. ती देवगडपासून शिरोड्यापर्यंत फिरली म्हणे. माझा भाचा शिरोड्याहून फोन करून विचारतो, मामा, हे तुमचंच ना? मी म्हटलं, व्हय रे बाबा, माझंच. पदरी पडलं पवित्र झालं.

दोन वर्षांपूर्वी मला दिसेनासं झालं. प्लगच्या टोकातली फट धूसर दिसायला लागली, मग समोरच्या माणसाचा चेहरा. मोतीबिंदू. बायको गुपचूप देवळात जाऊन आली हे मला कळलं. कुडाळला जाऊन दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं केली, आणि पट्टी निघाली तेव्हा तिच्या साडीवरची बारीक फुलं दिसली. मी तिला म्हटलं, ही साडी नवीन आहे का? सहा वर्षं जुनी होती. आम्ही दोघंही दवाखान्याच्या बाकावर खूप हसलो.

माझी मुलगी गावातच राहते. खाली खाडीजवळ तिने चार खोल्यांचं घर पाहुण्यांसाठी बांधलंय. गेल्या हिवाळ्यात ती म्हणाली, "बाबा, एकदा मूळ नाटक करूया. पहिल्यासारखंच. गंमत नाही, फेरफार नाही. माझे बारा पाहुणे आहेत, त्यांना काहीच माहीत नाही."

मी नको म्हटलं. चौसष्टाव्या वर्षी पुतण्या होणं म्हणजे हसं करून घेणं. शिवाय रावसाहेब होणारा मित्र राहिला नव्हता. त्याच्या जागी पस्तिशीचा एक काका मिळाला, त्याला पांढरी दाढी चिकटवायची ठरली. पण मनातून मी ऐकता ऐकताच हो म्हटलं होतं, हे तिने ओळखलं. बारा अनोळखी माणसं. बारातला एक तरी दचकेल.

आता गाऱ्हाणं आबांचा मुलगा घालतो. आबा एकोणनव्वद वर्षांचे. शरीराने ठणठणीत, पण दोन-तीन वर्षांत त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट निघून गेली. जेवलो की नाही, मुलाचं नाव काय, कलमं कुणाची. मला ते ओळखत नव्हते. दुकानासमोर खुर्ची टाकून बसायचे आणि गाड्या बघायचे. मी चहा दिला की हात जोडायचे, जसे परक्या माणसाला जोडतात. मला त्याचं फार वाईट वाटायचं.

नाटकाच्या दिवशी सकाळी त्यांचा मुलगा दुकानात आला. "दादा, गाऱ्हाणा आताच घालून इलंय. पाच जणांक बरोबर घेवन. सगळा सांगान टाकलंय देवाक, तुमच्या डोळ्यांचापण. संध्याकाळी लोकांसमोर फकत नारळ ठेवतलंय."

बेचाळीस वर्षं. पाच माणसं आणि एक सकाळ. एवढा सोपा उपाय आम्हाला एकालाही सुचला नव्हता.

नाटक शाळेच्या सभागृहात, संध्याकाळी पाचला. मी काठी टेकत आत गेलो आणि वाट बघू लागलो, आता कुणीतरी ओरडेल. कुणी ओरडलं नाही. तीनशे माणसं, पोरंसोरंसुद्धा, अगदी गुपचूप बसली होती. माझ्या मुलीने घरोघर जाऊन सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. ज्या गावाने माझं बिंग गेली बेचाळीस वर्षं फोडलं, ते गाव त्या संध्याकाळी झाकली मूठ घेऊन बसलं होतं. वकिलाची उलटतपासणी चालली तेव्हा खालच्या वाडीतल्या एका बाईने तर "ह्योच असतलो" असं मुद्दाम मोठ्याने म्हटलं, पाहुण्यांची दिशाभूल करायला. ते ऐकून मी माझी दोन वाक्यं विसरलो.

मध्यंतरात मी विंगेत चहा पीत होतो. पडद्यापलीकडे पाहुण्यांपैकी एक बाई नवऱ्याला सांगत होती, "तो आंधळाच असणार बघ. अशा गोष्टीत ज्याच्यावर संशय येत नाही तोच असतो."

"मला पहिल्याच अंकात वाटलं होतं," नवरा म्हणाला.

बाकीच्यांनीही हो हो केलं. बाराच्या बारा. रोज मोबाईलवर असले चार खून बघणारी माणसं ती. त्यांना कसलं आलंय रहस्य. मी चहा ठेवला. रागही आला नाही. उलट थोडं हसूच आलं. म्हटलं, नाही ते नाही नशिबात. गाव एवढं गप्प बसलंय, तर आपण आपलं काम नीट करू.

तिसरा अंक. इन्स्पेक्टर बोलता बोलता वळला आणि जुडगा उडाला. हात आपोआप वर गेला. झेलला. सभागृहात काही हललं नाही. मी मोजायला लागलो. एक. दोन.

तीन म्हणायच्या आत पुढच्या रांगेत काठी खाली पडल्याचा आवाज झाला.

"अरे," कुणीतरी म्हणालं, "ह्येका दिसता."

तो आवाज मी कुठेही ओळखला असता. मी चष्मा काढला. नव्या डोळ्यांनी मला सगळं लख्ख दिसलं. आबा खुर्चीत अर्धे उठले होते. एक हात छातीवर, तोंड उघडं, डोळे माझ्यावर खिळलेले. त्यांच्या मुलाने त्यांना आवाज ऐकायला आवडतात म्हणून पुढे आणून बसवलं होतं, आणि बाराजणांच्या विचारात मी त्यांना हिशेबातच धरलं नव्हतं. ज्या माणसाने पहिल्या दिवशी माझा खुनी सगळ्या गावाला सांगून टाकला, तो आता ते विसरला होता. सगळ्या सभागृहात एकटाच तो दचकला होता. अगदी खराखुरा.

मी चार आणि पाच मोजलेच नाहीत. कारण आबा पूर्ण उभे राहिले होते. मुलाने सावरायला हात दिला, तो त्यांनी बाजूला केला, आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा."

आवाज पातळ झाला होता, पण शब्द एकही अडखळत नव्हता.

"ह्यो झील आंधळ्याचा सोंग घेवन उभो आसा. तो आंधळो नाय, म्हाराजा. खेळ आसा. तेच्या डोळ्यांक तेचो दोष लावू नको."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं. इन्स्पेक्टर म्हणाला, स्वयंपाकी म्हणाला, विंगेत मेलेला रावसाहेब दाढी हातात घेऊन म्हणाला. पाहुण्यांपैकी एक-दोघांनीही आपलं काहीतरी पुटपुटलं. मला मात्र म्हणता आलं नाही, कारण मला रडू आलं होतं.

पुढचा कबुलीजबाब मी तसाच, रडत रडत म्हटला. त्या पाहुण्या बाई नंतर म्हणाल्या की काका, तुम्ही पश्चात्ताप काय सुरेख दाखवलात.

पडदा पडल्यावर मी खाली उतरलो. आबा खुर्चीतच बसले होते, कुणीतरी काठी परत हातात दिली होती. मी समोर उकिडवा बसलो. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि अगदी जवळून, डाव्या डोळ्यात, मग उजव्या डोळ्यात बघितलं. मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"तुका दिसता मां?" त्यांनी विचारलं.

"दिसता, आबा," मी म्हटलं.